मोरांसागर ते मानसरोवर

वर्ध्याची बजाजवाडी पाहिलेल्या मराठी माणसाला जमनालाल बजाज आपल्याच मातीतले वाटतात. गांधीजींना वर्ध्याला आणणारे, सेवाग्रामसाठी जमीन देणारे, १९२८ मध्ये आपल्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारं दलितांना उघडी करणारे जमनालालजी. पण जन्मानं ते जयपूर संस्थानचे. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मले, लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घराण्यात दत्तक आले, पण जन्मगावाची ओढ शेवटपर्यंत राहिली. त्याच ओढीपायी पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते जयपूर दरबारचे कैदी झाले. जयपुरातल्या काँग्रेसची वाटचाल सांगायची तर मला या कैदेपासूनच सुरुवात करावीशी वाटते. पुढच्या पंचाऐंशी वर्षांत या पक्षाचं जे बरंवाईट झालं, त्याचं माप तिथंच सापडतं.

त्याआधीचा धागाही महाराष्ट्राला जोडलेला आहे. जयपूरचे अर्जुनलाल सेठी यांनी १९०७ च्या सुमारास वर्धमान विद्यालय काढलं. वरून ती जैन पाठशाळा, आतून क्रांतिकारकांची तालीम. तिथं शिकायला सोलापूरकडची मुलं गेली होती. त्यांतला मोतीचंद शाह बिहारमधल्या निमेजच्या खटल्यात फासावर गेला आणि सेठींना कित्येक वर्षं तुरुंगात काढावी लागली. पुढं १९१९ मध्ये विजयसिंह पथिकांनी राजस्थान सेवा संघ स्थापला तो वर्ध्याला. ‘राजस्थान केसरी’ हे पत्रही वर्ध्याहूनच निघालं. संघ दुसऱ्या वर्षी अजमेरला हलला. राजपुतान्याच्या जागृतीची पहिली वाक्यं विदर्भात छापली गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

खुद्द संस्थानात पक्ष काढायची सोय नव्हती. काँग्रेसचंही धोरण बराच काळ संस्थानांच्या कारभारात हात न घालण्याचं होतं. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातसुद्धा तिनं संस्थानी प्रजेला सहानुभूती दिली, पण लढा तुम्ही तुमच्या संघटनांच्या बळावर लढा, असंच सांगितलं. म्हणून संस्थानोसंस्थानी प्रजामंडळं निघाली. जयपूर राज्य प्रजामंडळ १९३१ मध्ये कपूरचंद पाटणींनी काढलं. पाच वर्षं ते जेमतेम तगून होतं. १९३६ मध्ये त्याची नव्यानं बांधणी झाली ती जमनालालजींच्या आग्रहानं आणि हीरालाल शास्त्रींच्या मेहनतीनं.

हे शास्त्री जोबनेरचे. दरबारातली चांगली नोकरी सोडून ते खेड्यात गेले आणि १९२९ मध्ये वनस्थळीला ‘जीवनकुटीर’ मांडून बसले. खादी, शिक्षण, गावकऱ्यांच्या बोलीत रचलेली गाणी असं त्यांचं काम. १९३५ मध्ये त्यांची लाडकी मुलगी शांता अचानक गेली. त्या दुःखातून त्यांनी आणि रतनबाईंनी मुलींची शाळा काढली. आजचं वनस्थळी विद्यापीठ ते हेच. प्रजामंडळाला असा माणूस मिळाला, ज्याचे पाय आधी खेड्यात रुजले होते आणि मग राजकारणात आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मे १९३८ मध्ये प्रजामंडळाचं पहिलं मोठं अधिवेशन जयपुरात भरलं. अध्यक्ष जमनालालजी, आणि कस्तुरबाही आल्या होत्या. तो काळ शेखावाटीत, म्हणजे सीकरच्या मुलखात, धगधगीचा होता. ठिकाणेदार जहागीरदारांची लागबाग, म्हणजे लग्नापासून मरणापर्यंतच्या नाना पट्ट्या, वर वेठबिगार. १९३५ मध्ये सीकरजवळच्या कूदण गावात शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या होत्या. त्यातच शेखावाटीवर दुष्काळ आला. दुष्काळाच्या कामासाठी डिसेंबर १९३८ च्या अखेरीस जमनालालजी निघाले, तेव्हा सवाई माधोपूर स्टेशनवर त्यांच्या हातात हुकूम ठेवण्यात आला : जयपूर राज्यात पाऊल टाकायचं नाही. ज्या राज्यात जन्म झाला, त्याच राज्याची बंदी. पाठोपाठ प्रजामंडळ बेकायदा ठरलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी बंदी मोडली. दरबारच्या पोलिसांनी पकडून हद्दीबाहेर नेऊन सोडलं, ते पुन्हा आले. अखेर अटक करून त्यांना मोरांसागर या आडगावी नेऊन ठेवलं. शेकडो माणसं सत्याग्रहात उतरली, त्यांत बायकाही होत्या. गांधीजींनी मार्चमध्ये सत्याग्रह थांबवला, ऑगस्टमध्ये जमनालालजी सुटले आणि पुढच्या वर्षी दरबारला प्रजामंडळाची नोंदणी मान्य करावी लागली.

एका धनाढ्य माणसानं आपल्या जन्मगावच्या कुणब्यांसाठी सहा महिने कैदेत काढले, आणि त्या बदल्यात सत्तेची एक पायरीही मागितली नाही. पक्षाची पत अशी उभी राहते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी वर्ध्याला वारले.

त्याच वर्षी पहिली फूट पडली. म्हैसूरचे नामांकित दिवाण सर मिर्झा इस्माईल १९४२ मध्ये जयपूरचे पंतप्रधान झाले होते. ज्यांच्या नावाचा एम. आय. रोड आज प्रत्येक पर्यटक तुडवतो, तेच हे मिर्झा. ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा शास्त्रींनी मिर्झांशी समेट केला. प्रजामंडळ संस्थानात लढा छेडणार नाही, दरबार जबाबदार राज्यपद्धतीच्या दिशेनं पावलं टाकील आणि शांततेच्या प्रचाराला आडकाठी करणार नाही, असा तो सौदा. तरुण मंडळी खवळली. बाबा हरिश्चंद्र, रामकरण जोशी, दौलतमल भंडारी अशांनी वेगळा ‘आझाद मोर्चा’ काढला आणि तुरुंग पत्करला. देश तुरुंगात असताना जयपूरचं प्रजामंडळ बाहेर राहिलं, हा ठपका शास्त्रींवर कायमचा बसला. त्यांच्या बाजूनंही बोलता येतं : पुढच्या तीन-चार वर्षांत जयपुरात विधिमंडळ आलं, १९४६ मध्ये प्रजामंडळाचे देवीशंकर तिवाडी दरबारच्या मंत्रिमंडळात बसले आणि वनस्थळी चालत राहिली. तरीही माझं मत मोर्चावाल्यांच्या बाजूनं पडतं. समेटानं प्रजामंडळाला दरबारात जागा मिळाली, आणि दरबारात बसायची सवयही तिथूनच लागली. नेहरूंच्या मध्यस्थीनंतर १९४५ मध्ये मोर्चा प्रजामंडळात परत आला. फूट मिटली, ओरखडा राहिला.

डिसेंबर १९४८ मध्ये स्वतंत्र भारतातलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन जयपुरात झालं. अध्यक्ष पट्टाभि सीतारामय्या. ज्या माळावर मांडव पडला, तो भाग पुढं गांधीनगर म्हणून वसला. ज्या राज्यानं दहा वर्षांपूर्वी पक्षाच्या खजिनदाराला हद्दीवरून परत पाठवलं होतं, त्याच राज्यात अख्ख्या देशाची काँग्रेस पाहुणी आली. ३० मार्च १९४९ ला सरदार पटेलांच्या हस्ते, जयपूरच्या राजवाड्यात, बृहद् राजस्थानचं उद्घाटन झालं. महाराजा सवाई मानसिंह राजप्रमुख आणि प्रजामंडळातून काँग्रेसमध्ये आलेले हीरालाल शास्त्री पहिले मुख्यमंत्री. या समारंभाची एक हकीकत राजस्थानात अजून सांगितली जाते. जोधपूरचे जयनारायण व्यास आणि मेवाडचे माणिक्यलाल वर्मा, दोघंही हाडाचे लढवय्ये. त्यांना मांडवात बसायला धड जागा मिळाली नाही, मानाच्या जागा राजे-सरदारांनी भरल्या होत्या, आणि ते दोघं तसेच उठून निघून गेले. लोकांच्या राज्याचा पहिला दिवस, आणि ज्यांनी ते आणलं ते दारातून माघारी.

शास्त्रींचं सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. जानेवारी १९५१ मध्ये ते गेले आणि काही महिन्यांनी जयनारायण व्यास मुख्यमंत्री झाले. पहिल्या निवडणुकीत व्यास दोन्ही जागांवर पडले. जोधपुरात तर खुद्द महाराजा हनवंतसिंहांनी त्यांना हरवलं, आणि निकाल हाती येण्याआधीच महाराजा विमान अपघातात गेले. १६० पैकी ८२ जागा मिळवून काँग्रेसनं काठावर बहुमत राखलं. टीकाराम पालीवालांनी काही महिने गादी सांभाळली, व्यास पोटनिवडणुकीतून परत आले, आणि १९५४ मध्ये विधिमंडळ पक्षातल्या मतदानात अवघ्या ३८ वर्षांच्या मोहनलाल सुखाडियांनी त्यांना खाली बसवलं.

सुखाडियांनी सतरा वर्षं राज्य केलं. जागीरदारी उठवण्याचा कायदा १९५२ चा, कुळकायदा १९५५ चा. त्यांची अंमलबजावणी या काळात झाली. ज्या लागबागेसाठी कूदणला रक्त सांडलं, ती कायद्यानं गेली आणि शेखावाटीचा जाट शेतकरी स्वतःच्या शेताचा मालक झाला. मध्यममार्गी डाव्या राजकारणाचं याहून ठसठशीत काम राजस्थानात दुसरं झालेलं नाही. २ ऑक्टोबर १९५९ रोजी नेहरूंनी नागौरला पंचायत राज्याचा दिवा लावला, तेही देशात पहिल्यांदा. खेड्यात पक्षाची मुळं या दोन कामांनी घट्ट धरली.

शहर मात्र हातचं सुटत होतं. परकोट्यातल्या गुलाबी शहरात दरबाराची आठवण जुनी झाली नव्हती. राजाजींच्या स्वतंत्र पक्षातर्फे महाराणी गायत्रीदेवी १९६२ मध्ये जयपुरातून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मतं त्यांनी एकटीनं घेतली. विक्रमांच्या पुस्तकात नोंदला गेलेला तो विजय. पुढच्या दोन निवडणुकाही त्यांनीच जिंकल्या. एक हिशेब इथंच मांडून ठेवतो. जयपूर शहराची लोकसभेची जागा काँग्रेसनं आजवर फक्त तीनदा जिंकली आहे : १९५२ मध्ये आझाद मोर्चातले दौलतमल भंडारी, १९८४ मध्ये नवलकिशोर शर्मा, २००९ मध्ये महेश जोशी. ज्या शहरातून पक्ष राज्य चालवत आला, त्या शहरानं त्याला आपलं असं कधी मानलंच नाही.

१९६७ च्या मार्चमध्ये तर याच शहरात त्याच्याविरुद्ध रस्त्यावर रक्त सांडलं. निवडणुकीत काँग्रेसला १८४ पैकी ८९ जागा. बहुमत हुकलं. स्वतंत्र, जनसंघ आणि अपक्षांनी मिळून आपल्याकडे जास्त आमदार असल्याचा दावा केला, आणि ते फुटू नयेत म्हणून त्यांना शहराबाहेर कानोत्याच्या गढीत नेऊन ठेवलं. राज्यपाल संपूर्णानंदांनी सरकार बनवायला सुखाडियांनाच बोलावलं. शहर पेटलं, जमावबंदी लागली, ७ मार्चला जौहरी बाजारात गोळीबार झाला आणि माणसं मेली. १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. सहा आठवड्यांत पुरेसे आमदार इकडून तिकडे आले आणि २६ एप्रिलला सुखाडिया पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आमदारांना असं एका जागी डांबून ठेवण्याला राजस्थानात ‘बाडाबंदी’ म्हणतात. बाडा म्हणजे आपला कोंडवाडा. हा शब्द पुढं काँग्रेसच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, फक्त कोंडणारे आणि कोंडलेले दोन्ही घरचेच असतील.

१९७१ मध्ये दिल्लीचा इशारा आला आणि सुखाडियांनी राजीनामा दिला. बरकतुल्ला खान मुख्यमंत्री झाले. लगेचच्या निवडणुकीत, १९७२ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या आणि ‘गरिबी हटाव’च्या लाटेवर पक्षाला १८४ पैकी १४५ जागा मिळाल्या. आकड्यांत हा चढ मोठा, पण नीट पाहिलं तर पडझड इथूनच सुरू होते. इथून पुढं जयपूरचा मुख्यमंत्री जयपुरात ठरेनासा झाला. बरकतुल्ला खान १९७३ मध्ये पदावर असताना वारले, बांसवाड्याचे हरिदेव जोशी आले, मग आणीबाणी आली. गायत्रीदेवी तिहारमध्ये गेल्या आणि जयगडाच्या किल्ल्यात खजिन्यासाठी खोदकाम झालं. लोकांनी १९७७ मध्ये उत्तर दिलं : लोकसभेच्या २५ पैकी एकच जागा, नागौरची, नाथूराम मिर्धांमुळे राहिली. विधानसभेत २०० पैकी ४१. भैरोंसिंह शेखावत राज्याचे पहिले बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्री झाले.

तीन वर्षांत पक्ष परतला, १३३ जागा घेऊन. जगन्नाथ पहाडिया राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. पण ते तेरा महिन्यांत गेले. शिवचरण माथुर आले. डीगला पोलिसांच्या गोळीनं भरतपूर घराण्यातले राजा मानसिंह मारले गेले आणि माथुरांना जावं लागलं. हीरालाल देवपुरा सोळा दिवस. हरिदेव जोशी, पुन्हा माथुर, पुन्हा जोशी. दहा वर्षांत सहा शपथविधी, आणि प्रत्येक वेळी नाव दिल्लीहून आलेलं. याच काळात आपले वसंतदादा पाटील राजस्थानचे राज्यपाल होते. महाराष्ट्रातही तेव्हा मुख्यमंत्री असेच बदलले जात होते, त्यामुळे दादांना हे दृश्य नवं वाटलं नसणार. १९८७ च्या सप्टेंबरात देवराळ्याला रूपकंवर सती गेली, आणि जमनालालजींच्याच सीकर जिल्ह्यात घडलेल्या त्या घटनेपुढं सरकार दिवसेंदिवस चाचपडत राहिलं. माझ्या लेखी हे १९७७ पेक्षा मोठं अपयश आहे. निवडणूक हरणं भरून निघतं. ज्या पक्षाची सुरुवात वनस्थळीच्या मुलींच्या शाळेशेजारी झाली, त्यानं सतीचा जयजयकार करणाऱ्या गर्दीसमोर ताठ उभं राहायला हवं होतं.

१९८९ मध्ये लोकसभेला शून्य. १९९० मध्ये विधानसभेत ५०. शेखावत आले, बाबरीनंतर बरखास्त झाले, १९९३ मध्ये पुन्हा आले. तिथून राजस्थानी मतदारानं एक पद्धत लावली : पाच वर्षं यांना, पाच वर्षं त्यांना. तिला तिकडे ‘रिवाज’ म्हणतात. १९९३ पासून एकाही सरकारला त्यानं लागोपाठ दुसरी संधी दिलेली नाही.

१९९८ चा परतावा मात्र नुसत्या रिवाजाचा नव्हता. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली होती आणि भाजपला वाटत होतं, राजस्थानच्याच वाळूतल्या या स्फोटानं निवडणूक सोपी जाईल. लोक कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. काँग्रेसला १५३ जागा मिळाल्या, भाजपला ३३. जोधपूरच्या माळी समाजातले, जादूगाराचे चिरंजीव अशोक गहलोत मुख्यमंत्री झाले. परसराम मदेरणांना पद मिळेल अशी आशा धरून बसलेला जाट शेतकरी मनातून दुखावला.

या सरकारच्या खात्यावर एक काम असं आहे, जे त्याचं एकट्याचं नाही आणि म्हणूनच मोठं आहे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकरसिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं दुष्काळी कामांच्या हजेरीपटांच्या नकला मागत १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस आणि १९९७ मध्ये जयपुरात त्रेपन्न दिवस धरणं धरलं. मागणी शेखावत सरकारकडे होती. कायदा गहलोत सरकारनं २००० मध्ये केला. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, त्याची एक पायवाट जयपूरच्या फुटपाथवरून जाते. पक्षाबाहेरच्या माणसांचं ऐकलं तेव्हाच या पक्षाच्या हातून टिकाऊ कामं झाली, हे मला राजस्थानात वारंवार दिसतं.

तरीही २००३ मध्ये रिवाज फिरला. सलग दुष्काळ, सरकारी नोकरांचा लांबलेला संप, जाटांची नाराजी, जागा ५६. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची लेक वसुंधराराजे मुख्यमंत्री झाल्या. मराठी वाचकाला इथं महादजी शिंदे आणि जयपूर दरबार यांची वैरं आठवतील. २००८ मध्ये पक्ष ९६ जागांवर परतला. मुख्यमंत्रिपदाचे दावेदार, प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी नाथद्वाऱ्यात एका मतानं पडले. एका मतानं! गहलोत दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि २ ऑक्टोबर २०११ रोजी सरकारी दवाखान्यांत मोफत औषधांची योजना सुरू झाली. घाऊक खरेदीतली, जेनेरिक, खिडकीवर चिठ्ठी दिली की हातात पडणारी औषधं. पुढं तपासण्याही मोफत झाल्या.

आणि मग २०१३. जानेवारीत जयपूरच्या बिर्ला सभागृहात काँग्रेसचं चिंतन शिबिर झालं, राहुल गांधी उपाध्यक्ष झाले. डिसेंबरात त्याच शहरात निकाल लागला : २०० पैकी २१. राजस्थानात पक्षानं याहून खालचा तळ पाहिलेला नाही. पुढच्या मे महिन्यात लोकसभेला पुन्हा शून्य. फुकट औषध घेणाऱ्यानंच दुसरीकडे मत दिलं. मला यात कृतघ्नता दिसत नाही. औषध सरकारनं दिलं होतं. पक्षाचा माणूस त्याच्या दारात पाच वर्षांत आला नव्हता.

२१ आमदारांचा पक्ष पाच वर्षांत उठला, तो कसा, हे म्हणूनच पाहण्यासारखं आहे. सचिन पायलट प्रदेशाध्यक्ष झाले. सत्ता येईपर्यंत साफा बांधणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. राजस्थानात साफा म्हणजे मान. प्रत्येक सभेत पुढं आलेला साफा ते डोक्याला लावून परत देत राहिले. सप्टेंबर २०१४ मध्येच, मोदी लाट ओसरायच्या आत, चारपैकी तीन पोटनिवडणुका जिंकल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये अलवर आणि अजमेर या लोकसभेच्या दोन्ही जागा आणि मांडलगडची विधानसभेची जागा घेतली. डिसेंबरात ९९ जागा आल्या. साफा डोक्यावर चढला. पण मुख्यमंत्री गहलोत झाले, पायलट उपमुख्यमंत्री, आणि पुन्हा तीच जुनी गोष्ट सुरू झाली.

जुलै २०२० मध्ये पायलट अठरा आमदारांसह हरियाणात मानेसरला गेले. बाकीच्यांना गहलोतांनी जयपूरबाहेर कूकसच्या हॉटेलात ठेवलं, नंतर जैसलमेरला नेलं. कोरोनानं माणसं मरत असताना सत्ताधारी पक्षाच्या दोन बाडाबंद्या चालल्या होत्या. १९६७ मध्ये कानोत्याला निदान विरोधक होते. सप्टेंबर २०२२ मध्ये, गहलोत राष्ट्रीय अध्यक्ष होणार आणि मुख्यमंत्री बदलणार असं दिसताच, त्यांच्या बाजूच्या आमदारांनी दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांच्या बैठकीला न जाता राजीनाम्यांची पत्रं दिली. एप्रिल २०२३ मध्ये पायलट आपल्याच सरकारविरुद्ध जयपूरच्या शहीद स्मारकावर दिवसभर उपोषणाला बसले, मे महिन्यात अजमेरहून जयपूरला पायी आले.

वाईट याचंच वाटतं की याच पाच वर्षांत या सरकारनं केलेलं काम देशातल्या कुठल्याही मध्यममार्गी डाव्या पक्षानं अभिमानानं मिरवावं असं होतं. मे २०२१ मध्ये चिरंजीवी आरोग्य विमा, आठ रुपयांत थाळी देणारी इंदिरा रसोई, २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी आणि जुनी पेन्शन, मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा, जुलैत घरपोच सेवा देणाऱ्या आणि टॅक्सी चालवणाऱ्या ॲप कामगारांसाठी देशातला पहिला कायदा. दुसऱ्या पारड्यात भरती परीक्षांच्या फुटलेल्या प्रश्नपत्रिका होत्या. वर्षानुवर्षं खोलीत कोंडून अभ्यास केलेल्या पोरांचा तो राग खराच होता. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मल्लिकार्जुन खर्गे आणि राहुल गांधींनी जयपूरच्या मानसरोवर भागात प्रदेश काँग्रेसच्या नव्या इमारतीची पायाभरणी केली. पुढच्या अडीच महिन्यांत निकाल लागला. भाजप ११५, काँग्रेस ६९.

पण आकड्यांत एक गोष्ट दडली आहे. २०१८ मध्ये जिंकताना काँग्रेसला ३९ टक्क्यांच्या वर मतं होती. २०२३ मध्ये हरतानाही तेवढीच होती. म्हणजे लोक सोडून गेले नाहीत. नवी माणसं जोडता आली नाहीत. पक्ष मागं हटला नाही, तसाच पुढंही सरकला नाही. नवं सरकार येताच इंदिरा रसोई ‘श्री अन्नपूर्णा रसोई’ झाली आणि चिरंजीवीच्या जागी नव्या नावाची विमा योजना आली. मोफत औषधाची खिडकी उघडीच आहे.

त्यानंतरचा परतावा सुरू झाला, आणि तो खेड्यांतून. जानेवारी २०२४ मध्ये करणपूरची लांबलेली निवडणूक झाली. भाजपनं आपल्या उमेदवाराला मतदानाआधीच मंत्री केलं होतं, तरी काँग्रेस जिंकली. लोकसभेत, लागोपाठ दोनदा शून्यावर गेलेल्या पक्षाला आठ जागा आणि मित्रपक्षांना तीन मिळाल्या. विधानसभेला ४०९ मतांनी पडलेल्या संजना जाटव सहा महिन्यांत भरतपुरातून, मुख्यमंत्री भजनलाल शर्मांच्या स्वतःच्या जिल्ह्यातून, खासदार झाल्या. जमनालालजींच्या सीकरची जागा काँग्रेसनं मार्क्सवादी पक्षाच्या अमरारामांना सोडली आणि ते निवडून आले. शेतकऱ्यांच्या मोर्च्यांत आयुष्य घालवलेला माणूस, त्याच शेखावाटीतला. स्वतःची जागा दुसऱ्यासाठी सोडण्याचं हे शहाणपण पक्षाला जमनालालजी गेल्यानंतर क्वचितच सुचलं होतं. जयपूर शहरात मात्र तो पुन्हा तीन लाखांहून अधिक मतांनी हरला.

माझा निकाल एवढाच, की हा पक्ष रिवाजाच्या भरवशावर बसला तर त्याला पुन्हा सत्ता मिळेलही, पण ती पाच वर्षांपुरती असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. त्यांतल्या चार काँग्रेसकडे होत्या. रामगड, झुंझुनू आणि देवली-उनियारा गेल्या. दौसा राहिली.